खाऱ्या पाण्याची टाकी नव्याने मांडताना या चुका टाळा

चवथ जवळ आली की गोव्यात घरोघरी रंगकाम निघते, माळे झाडले जातात, आणि त्याच उत्साहात एखाद्याला दिवाणखान्यातली प्रवाळांची टाकीही एका दुपारी धुऊन काढावीशी वाटते. अशा बिघडलेल्या टाक्या निस्तरायला मी अनेकदा गेलो आहे आणि बहुतेक ठिकाणी नुकसान घाईनेच केलेले होते.

सर्वांत घातक चूक म्हणजे मासे आत असताना जुनी वाळू उपसणे. वाळूच्या जाड थराच्या तळाशी प्राणवायू पोहोचत नाही. तेथील जीवाणू खाऱ्या पाण्यातील सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार करतात आणि साठलेली घाणही तेथेच कुजत असते. फोंड्याच्या माझ्या मावसभावाने चवथीला चार दिवस असताना सात वर्षांच्या टाकीतली वाळू वाडग्याने काढायला घेतली. खालची वाळू काळी निघाली, खोलीभर कुजक्या अंड्यांचा वास पसरला, तरी निम्मे काम झालेच आहे म्हणून तो थांबला नाही. रात्री मी पोहोचलो तेव्हा दोन्ही क्लाउनफिश मेलेले होते आणि उपसलेल्या घाणीमुळे अमोनियाच्या चाचणीचा रंग गडद हिरवा, म्हणजे अमोनिया फार वाढल्याचा, येत होता. खाऱ्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास, म्हणजे अल्कधर्मी असल्याने तेवढाच अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा येथे अधिक मारक ठरतो.

मी आधी वरचे स्वच्छ पाणी नळीने टबांत काढून घेतो, एका टबात मासे हवेच्या पंपासह व दुसऱ्यात लाइव्ह रॉक (उपयोगी जीवाणू वसलेले टाकीतले खडक) ठेवतो आणि मगच वाळूला हात लावतो. जुनी वाळू धुऊन परत वापरण्याची काटकसर मला मान्य नाही. ती सगळी टाकून द्यावी. खडक मात्र त्याच खाऱ्या पाण्यात ब्रशने घासावेत, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरिन त्यांवरचे अमोनिया पचवणारे उपयोगी जीवाणू मारते.

दुसरी चूक पावसाळ्यातली. मिरामारहून कॅन भरून आणले की समुद्राचे पाणी मिळाले, असे अनेकांना वाटते. पण त्या दिवसांत मांडवी पावसाचे पाणी आणि गाळ घेऊन तेथेच समुद्राला मिळते, त्यामुळे किनाऱ्याजवळची क्षारता बरीच उतरलेली असते. आरओच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम सागरी मीठ घालून ते रात्रभर पंपाने फिरवावे आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजण्याच्या उपकरणावर) विशिष्ट गुरुत्व १.०२५ दिसल्यावरच वापरावे. उघडी पिशवी आपल्या दमट हवेत ओल धरते, म्हणून मीठ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.

खडक कधीही उकळू नयेत: त्यांवर झोअँथिड (प्रवाळांसारखे मऊ जीव) असतील तर पॅलिटॉक्सिन हे विष वाफेबरोबर श्वासात जाते आणि अशाने माणसे रुग्णालयात गेलेली आहेत. काचेला साबण लावू नये. पंप आणि हीटर पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये भिजवून नीट धुवावेत. ग्रँड बेटाजवळून प्रवाळ उचलून आणणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. तो मोह कोणीही धरू नये.

टाकी भरली त्याच संध्याकाळी मासे सोडणाऱ्यांची मला खरोखर चीड येते. खडक ओले राहून त्यांवरचे जीवाणू जगले असतील तरी मी दोन आठवडे रोज अमोनियाची चाचणी घेतो. ते वाळले असतील तर अमोनिया आणि त्यापासून बनणारे विषारी नायट्राइट शून्यावर येईपर्यंत चार ते सहा आठवडे, कधी त्याहूनही जास्त लागतात. मावसभावाच्या टाकीत आम्ही नवे मासे सोडले ते दिवाळीनंतर.