गोधडीचा गट चालवायचा तर आधी घड्याळ बघा

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनानं एकच आकडा लिहिलाय: 8 रुपये 33 पैसे. माण तालुक्यातल्या आम्ही सात जणींनी पहिली तीन वर्षं गोधड्या शिवल्या त्या या भावानं, तासाला. तेव्हा आम्हाला ते ठाऊकच नव्हतं. पुण्याहून एक दुकानदार यायचा, नगाला 900 रुपये रोख मोजायचा आणि आम्ही खूश. मग माझ्या भाचीनं आमची गोधडी त्याच्या दुकानात पाहिली, किंमत पाच हजारांच्या वर. राग आलाच, पण त्याआधी लाज वाटली. कारण भाचीनं विचारलं, "मावशी, एक गोधडी शिवायला तुला किती तास लागतात गं?" आणि मला सांगता येईना.

आता आजूबाजूच्या गावच्या बायका विचारतात, आम्हालाही असा गट काढायचाय, कसं करू? गट काढणं सोपं आहे. दहा ते वीस जणी, एक ठराव, बँकेत खातं; 'उमेद' म्हणजे बचत गटांसाठीचं सरकारी अभियान, त्याची ताई सगळे कागद करून देते. मी सांगते ते त्याच्या पुढचं.

तास लिहा, मग भाव बोला

एक गोधडी घ्या, पाच फूट बाय सात फूट. उंबऱ्याजवळ भिंतीला वही टांगा. शिवायला बसलीस की वेळ लिही, उठलीस की वेळ लिही. मध्ये चुलीवरचं कालवण बघायला गेलीस तर तेवढं वजा कर. पहिल्या आठवड्यात सगळ्या हसतील. हसू द्या.

आमचा हिशेब असा निघाला. तुकडे बेतून वरचा पदर, म्हणजे वरचा थर, जोडायला 8 तास, धावदोऱ्याला 43, काठ मारून धुऊन वाळवायला 3. झाले 54. कापड, दोरा, साबण मिळून खर्च 450. म्हणजे 900 मधून हातात उरले 450, भागिले 54. तोच तो लाल आकडा. त्या वर्षी खुरपणीचा रोज 300 होता, सहा तासांचा. खुरपायला गेलो असतो तर तासाला 50 मिळाले असते!

मग आम्ही ठरवलं, खुरपणीच्या रोजाखाली सुई धरायची नाही. 54 तासांचे 2,700, खर्चाचे 450, वर दहा टक्के गटाच्या पेटीत. 3,465 होतात, आम्ही 3,500 सांगतो. कुणी घासाघीस केली तर वही दाखवतो. तुमच्याकडं रोज वेगळा असेल, तो धरा.

आता खरी गंमत ऐका. धावदोऱ्याच्या दोन ओळींत किती अंतर ठेवायचं, यावर सगळा भाव फिरतो. आम्ही एक बोट ठेवतो, म्हणजे पाऊण इंच. पाच बाय सातच्या गोधडीत त्या हिशेबानं ओळींची लांबी भरते जवळजवळ 170 मीटर. गिऱ्हाईक म्हणालं, "जरा दाट शिवा ना," आणि तुम्ही मानेनं हो म्हणून अर्धा इंच धरलात, की तीच लांबी 256 मीटर होते. सरावाच्या बाईचे तासाला चारेक मीटर होतात. म्हणजे एका "जरा"पायी 21 तास वाढले, 1,050 रुपये. दाट शिवायला ना नाही. पण तो आकडा तिथल्या तिथं बोलायला जी शिकते तिला गटात पुढं करा. आवाज मोठा असलेली बाई पुढारी होते हा समज सोडा.

हिशेबाला घाबरणाऱ्यांना मी आमच्या म्हसवडचीच गोष्ट सांगते. चेतना सिन्हांनी बायकांची बँक काढायची ठरवली, तेव्हा पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण सभासद अंगठेबहाद्दर. बायका लिहायला शिकल्या, पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि म्हणाल्या, "कुठल्याही मुद्दलाचं व्याज विचारा, आम्ही यंत्राशिवाय काढून दाखवतो. तुमच्या साहेबांनाही तसंच काढायला सांगा." 1997 साली माणदेशी महिला बँक सुरू झाली. आपल्याला तर नुसते तास मोजायचेत.

रंग कोण ठरवणार

आमच्या गटात आत्या आहेत. गल्लीतल्या सगळ्यांच्याच त्या आत्या, वय सत्तरीच्या पुढं, सही करता येत नाही. पण गोधडीचा वरचा पदर त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय आम्ही टाका घालत नाही. तुकडे अंगणात पसरायचे, आत्या जिन्यावर चार पायऱ्या चढून वरून बघणार. कधी लगेच "शिवा" म्हणतात. कधी कपाळाला आठ्या घालून बोट दाखवतात: "इथं डोळा अडतोय." बस, एवढंच. काय अडतंय ते आपण शोधायचं. बहुतेकदा दोन गडद तुकडे शेजारी आलेले असतात. तरण्या पोरींना हे लवकर दिसत नाही, म्हणून त्यांच्यासाठी मी युक्ती काढली: मोबाइलवर फोटो काढून तो काळापांढरा करायचा. लाल-हिरवा भुलवतो, काळ्यापांढऱ्यात गडद कुठं साचलंय ते चटकन कळतं. आत्यांना फोटो दाखवला तर म्हणाल्या, "मला आधीपासनं असंच दिसतंय."

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे चित्र पाठवणारी माणसं. एकदा शहरातून छापील आराखडा आला. गोधडीचे चार चौकोन आणि प्रत्येक चौकोनात ओळी वेगळ्या दिशेनं. कागदावर देखणं दिसत होतं. आत्या म्हणाल्या, मध्ये झोळ येईल. आपली गोधडी काठापासून सुरू होते, चारी बाजूंनी फिरत फिरत मध्यावर संपते. सुई कापड पुढं ढकलत जाते आणि आपण तळव्यानं ते सारखं करत जातो. दिशा चार केल्या तर ढकललेलं कापड जाईल कुठं? मला वाटलं, मोठं काम आहे, कशाला वाद. दोन नग शिवले. चौकोन जिथं भेटले तिथं उंदीर शिरल्यासारखा फुगा. दोन्ही उसवले, शंभर तास पाण्यात.

पुढच्या वेळी मी आत्यांना फोनवर घेतलं आणि चित्र काढणाऱ्या बाईंशी थेट बोलायला लावलं. त्या बाई ऐकणाऱ्या निघाल्या. आधी सगळीकडं वीत-वीत अंतरावर कच्चे टाके, मग आडव्या पट्ट्या, दिशा एकच, असं ठरलं. पुढं त्याच आराखड्याच्या अकरा गोधड्या गेल्या. तेव्हा रंगाचा आणि टाक्याचा शेवटचा शब्द कुणाचा, हे गटाच्या ठरावात लिहून ठेवा. कागदावर नसलं की पैसे देणारा तो शब्द आपल्याकडं ओढतो.

कापड

नवखीची पहिली चूक इथं होते. जुनं सुती लुगडं सोन्यासारखं, कारण ते पंचवीस वेळा धुऊन आटायचं तेवढं आटलेलं असतं, रंग जायचा तेवढा गेलेला असतो. पण आता कुणाच्या पेटीत सुती लुगडी उरलीत? सगळ्या साड्या पॉलिस्टर. त्या बोहारणीला द्या, गोधडीत घालू नका. थर सरकतात, घाम शोषत नाही. इरकलीचं अंग सुती असलं तरी पदर बघा, तो रेशमी असला तर वेगळा काढा.

आम्ही निम्मं जुनं, निम्मं इचलकरंजीचं नवं सुती वापरतो. नवं कापड रात्रभर भिजवून, वाळवून मगच कात्री लावायची. गडद रंगाचा ओला कोपरा पांढऱ्या फडक्यावर जोरात घासा. फडकं रंगलं तर ते कापड बाजूला. मी हे एकदाच टाळलं, दिवाळीच्या घाईत. लाल खणाचा काठ होता. गिऱ्हाइकानं पहिल्यांदा धुतलं आणि पांढऱ्या चौकोनांचा गुलाल झाला. पैसे परत केले, माझ्या वाट्यातून.

उसवायला सांगणं

सगळ्यात अवघड काम हेच. किंमत बोलणं, बँकेत जाणं येतं हळूहळू. पण समोर बसलेल्या, नात्यातल्या बाईला "हे उसव" म्हणायचं कसं? माझी धाकटी जाऊ टाका लांब घालते. वर दिसायला नीट, पण पोरानं पायाचं बोट अडकवलं की ओळ निघून आली. दोन महिने मी तिच्या गोधड्या रात्री गुपचूप दुरुस्त करायचे. मूर्खपणा. माझी झोप गेली आणि तिला वाटलं आपलं बरोबर आहे.

शेवटी बैठकीत मी माझीच गोधडी आधी अंथरली आणि म्हटलं, खोट काढा. सगळ्या गप्प. आत्यांनी हात फिरवला आणि एका कोपऱ्यात थांबल्या. तिथं खालचा पदर दुमडून शिवला गेला होता. मी तिथंच बसून वीतभर उसवलं. मग जाऊ आपणहून म्हणाली, "अक्का, माझी पण बघा." तेव्हापासून पंधरवड्याला उसवणीची बैठक असते आणि पहिली गोधडी माझी. मोजमाप ठरलेलं: इंचाला तीन टाके, गाठ थरांच्या आत, काठावर दुहेरी दोरा. मोजपट्टी बोलते, त्यामुळं जाऊबाईशी भांडण लागत नाही.

आणि सुया! सकाळी मोजून द्या, संध्याकाळी मोजून घ्या. एक जरी कमी भरली तरी त्या दिवशीची एकही गोधडी घराबाहेर जाणार नाही. जुन्या बिघडलेल्या स्पीकरचा लोहचुंबक काढून ठेवलाय, तो सगळ्या गोधडीवरून फिरवतो. दुपट्यावर तर दोनदा. तान्ह्या बाळाच्या अंगाखाली जाणारी वस्तू आहे ती.

पैसे आणि सही

थोडक्यात सांगते. पैसे गटाच्या खात्यावर, क्यूआर कोड गटाचा. लेबलवरचा फोन नंबर गटातल्या बाईचा, तिच्या मालकांचा नको. आमच्याकडं वर्षभर एकीच्या मिस्टरांचा नंबर होता. ते शेतात असले की फोन उचलत नसत, घरी असले की भाव तेच ठरवत. माणूस वाईट नाही, पण गोधडी त्यांनी शिवलेली नाही.

शिवणारणीला तिच्या तासांचे पैसे नग तयार होताच द्या, विकायची वाट बघायला लावू नका. त्यासाठी पेटीत दोन महिन्यांचं भांडवल हवं. आमचं जमायला दीड वर्ष लागलं. नफा वर्षाअखेरीला, सगळ्यांना, तासांच्या प्रमाणात. 1959 साली गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जतचे पापड लाटले, तेव्हापासून तिथं लाटणारी बाईच मालकीण आहे. गोधडीला वेगळा नियम कशाला?

केंद्र सरकारच्या हस्तकला आयुक्तांकडून कारागिराचं ओळखपत्र मिळतं. ते प्रत्येकीच्या स्वतःच्या नावानं काढा. एकीनं काढून बाकीच्यांना मजूर दाखवू नका.

विक्रीला बचत गटांच्या मालाची प्रदर्शनं असतात: महालक्ष्मी सरस आहे, पुण्याची भीमथडी जत्रा आहे. गाळ्यावर दरवेळी नवीन दोघी पाठवा, एक जुनी आणि एक कधीच बाहेर न पडलेली. जुनीनं पहिल्या दिवशी बोलायचं, दुसऱ्या दिवशी तोंड बंद ठेवायचं. हे जुनीला फार जड जातं, मला तर अजून जातं.

आम्हाला बरं काम मिळतं ते मात्र जत्रेबाहेर. लोक आपल्या आईच्या, आजीच्या साड्या पाठवतात, त्यांची गोधडी करून द्या म्हणून. पुण्यामुंबईचे असतात, दोन तर अमेरिकेतली मराठी घरं होती. असल्या कामात कात्री लावण्यापूर्वी प्रत्येक साडीचा फोटो पाठवा आणि डागाबद्दल विचारा. एका साडीवर हळदीचा मोठा डाग होता, आम्ही तो टाळून कापणार होतो. त्या ताईंनी फोनवर सांगितलं, "तोच तुकडा मध्ये घ्या, आई सारखा पदराला हात पुसायची." तेव्हा अशा साड्यांतलं काय ठेवायचं ते आम्ही ठरवत नाही. पण मजुरी तासाचीच घेतो, आणि भावना गुंतल्यात म्हणून ती कमी-जास्त करत नाही.

आत्या गोधडीचा शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आत ज्वारीचे चार दाणे टाकतात. गोधडीला उपाशी ठेवू नये म्हणतात. विकायच्या गोधडीत दाणे घालू नका, किडा लागतो. यावर आमचं आत्यांशी दोन बैठका भांडण चाललं. आता प्रत्येक गोधडी संपली की त्या कोपऱ्यावर चार दाणे ठेवतात, क्षणभर थांबतात आणि उचलून कोंबड्यांना टाकतात. मग टाका घालून कोपरा बंद.