जुन्या कन्सोलवरच्या सेव्ह नव्यावर नेताना या चुका टाळा

नवा कन्सोल घरात आला की जुना विकून टाकायची किंवा धाकट्या भावंडाला देऊन टाकायची घाई होते, आणि बहुतेक सेव्ह (गेममधली साठवलेली प्रगती) याच घाईत जातात. गेम पुन्हा डाउनलोड करता येतो, डिस्कही पुन्हा मिळते. महिनोन्‌महिने खेळून उभं केलेलं पात्र मात्र पैसे मोजूनही परत येत नाही. म्हणून सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो: नव्या कन्सोलवर प्रत्येक गेम उघडून, सेव्ह लोड करून, आत थोडं फिरून बघितल्याशिवाय जुना कन्सोल फॅक्टरी रीसेट (सगळं पुसून कोरा) करू नका. यादीत सेव्हचं नाव दिसलं म्हणजे ती उघडेलच असं नाही.

‘जरा सुरू करून बघू’

सर्वांत जास्त नुकसान या चुकीनं होतं. नवा कन्सोल लावला, गेम इन्स्टॉल झाला, आणि सेव्ह यायच्या आधीच ‘न्यू गेम’ दाबला. ग्राफिक्स कसं दिसतं ते बघायला दहा मिनिटं खेळलं. तेवढ्यात गेमनं ऑटोसेव्ह केलं, आणि क्लाउड सिंक (सेव्ह आपोआप कंपनीच्या सर्व्हरवर जाणं) चालू असल्यानं ती दहा मिनिटांची सेव्ह वर चढली. मग कन्सोल विचारतो, क्लाउडवरची ठेवू की इथली? अशा वेळी बरेच जण ‘नवीन ती चांगली’ असं समजून ताज्या तारखेची सेव्ह निवडतात, आणि नेमकी तीच रिकामी असते. तारखेवर विसंबू नका. कोणत्या कन्सोलवर कधी शेवटचं खेळलो ते आठवा, आणि खात्री नसेल तर काहीही न निवडता त्या स्क्रीनवरून मागे या.

क्लाउडवर चुकीची सेव्ह गेलीच असेल तर लगेच हातपाय गाळू नका. जुन्या कन्सोलच्या आत मूळ प्रत बहुधा अजून असते. तो चालू करण्याआधी राउटर बंद करा किंवा लॅन केबल काढा, नाहीतर सुरू होताच तो क्लाउडवरची रिकामी सेव्ह खाली ओढू शकतो. प्लेस्टेशन ४ (पीएस४) असेल तर सेटिंग्जमधल्या ‘ॲप्लिकेशन सेव्ह्ड डेटा मॅनेजमेंट’मध्ये जाऊन ती सेव्ह आधी पेन ड्राइव्हवर कॉपी करा. ड्राइव्ह एक्सफॅट किंवा फॅट३२ फॉरमॅटचा हवा, एनटीएफएस पीएस४ला वाचता येत नाही. ड्राइव्हवर जे फोल्डर तयार होतं त्याचं नाव बदलू नका, बदललं तर कन्सोलला सेव्ह सापडत नाही.

सेव्ह कार्डात आहे हा समज

निन्टेन्डोच्या गेम बॉय आणि डीएस या हातातल्या कन्सोलच्या काळात सेव्ह कार्ट्रिजमध्येच (गेमच्या कार्डातच) राहायची. कार्ट्रिज दुसऱ्या यंत्रात घातलं की खेळ पुढे सुरू. निन्टेन्डोच्याच स्विचचं तसं नाही. स्विचच्या कार्ट्रिजमध्ये सेव्ह नसते आणि मायक्रोएसडी कार्डातही नसते. कार्डावर गेम, अपडेट, स्क्रीनशॉट जातात, पण सेव्ह कायम कन्सोलच्या अंतर्गत मेमरीत राहते. कार्ड काढून घेतलं आणि कन्सोल विकला, तर सेव्हही विकल्या.

स्विचवर आणखी एक खाच आहे. एखाद्या गेमची सेव्ह ‘ट्रान्सफर’ केली की जुन्या कन्सोलवर तिची प्रत उरत नाही. त्यामुळे दोन्ही कन्सोल चार्जरला लावून, जवळजवळ ठेवून, काम पुरं होईपर्यंत त्यांना हात लावू नका. जून २०२५मध्ये आलेल्या स्विच २वर सगळं एकदम न्यायचं असेल तर जुना स्विच हाताशी असताना थेट ट्रान्सफर करणं मला जास्त सुरक्षित वाटतं. सर्व्हरमार्गे पाठवलं तर जुना स्विच रीसेट होतो, आणि मग मागे बघायला काहीच राहत नाही.

‘ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ला नेहमीचा क्लाउड बॅकअप चालत नाही. त्यातलं फक्त बेट न्यायचं असेल तर निन्टेन्डोचं ‘आयलंड ट्रान्सफर टूल’ वेगळं डाउनलोड करावं लागतं. काही पोकेमॉन गेमही क्लाउडवर जात नाहीत. म्हणून क्लाउड बॅकअप देणारं ‘निन्टेन्डो स्विच ऑनलाइन’चं सदस्यत्व आहे म्हणजे सगळं सुरक्षित आहे, असं धरून चालू नका.

पीएस४ची आवृत्ती आणि पीएस५ची आवृत्ती

पीएस४चा गेम पीएस५वर तसाच चालवला तर पीएस४ची सेव्ह सरळ चालते. पण त्याच गेमची पीएस५ आवृत्ती टाकली की दोघांच्या सेव्ह वेगळ्या होतात. पीएस५च्या आवृत्तीला जुनी सेव्ह आपोआप दिसत नाही, ती आयात करायची सोय गेममध्येच असावी लागते. ‘फायनल फँटसी सेव्हन रीमेक’मध्ये आधी पीएस४च्या आवृत्तीतून सेव्ह अपलोड करायची आणि मग पीएस५च्या आवृत्तीत उतरवून घ्यायची, असा क्रम आहे. ‘स्पायडर-मॅन रीमास्टर्ड’मध्ये ही सोय सुरुवातीला नव्हती, नंतरच्या अपडेटमध्ये आली. त्यामुळे मेन्यूत पर्याय दिसत नसेल तर दोन्ही आवृत्त्या पूर्ण अपडेट करा आणि पुन्हा बघा. पीएस४ची आवृत्ती डिलीट करायची घाई करू नका, तिच्याशिवाय अपलोड कुठून करणार?

सेव्ह आली, पण उघडत नाही

आधी अकाउंट तपासा. सेव्ह ज्या अकाउंटवर झाली त्यालाच ती उघडते. घरातल्या दुसऱ्याच्या प्रोफाइलवरून खेळत असाल तर त्या प्रोफाइलनं लॉगिन करा. मग गेमचं अपडेट पाहा. जुन्या कन्सोलवर गेम पूर्ण अपडेट केलेला होता आणि नव्यावर नुसती डिस्क टाकली असेल, तर सेव्ह नव्या आवृत्तीची आणि गेम जुन्या आवृत्तीचा, अशी गत होते. मग गेम ती सेव्ह नाकारतो, किंवा बिघडली आहे म्हणून सांगतो. असा संदेश आला तरी सेव्ह डिलीट करू नका, आधी अपडेट करा. तेही करून झालं असेल तर प्रदेश बघा. एका प्रदेशाची डिस्क आणि दुसऱ्या प्रदेशाच्या स्टोअरवरून घेतलेला डिजिटल गेम, नाव तेच असलं तरी बऱ्याचदा कन्सोलच्या लेखी वेगळे गेम असतात.

एक्सबॉक्सवर क्लाउड सेव्ह आपोआप होतात, म्हणून तिथे अडचणी कमी येतात. फक्त गेममधून बाहेर पडल्या पडल्या भिंतीवरचं बटण बंद करू नका. सिंक अर्धवट राहतं, आणि नव्या कन्सोलवर आदल्या दिवशीची सेव्ह दिसते. एक्सबॉक्स ३६०च्या जुन्या सेव्ह न्यायच्या असतील तर त्या आधी ३६०वरूनच क्लाउडवर चढवाव्या लागतात, त्यामुळे तो चालू स्थितीत आहे तोवर हे काम उरकून घ्या.

पीएस५वरून पीएस५ प्रोवर जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट: पीएस५ गेमच्या सेव्ह पीएस४सारख्या एकेक करून पेन ड्राइव्हवर कॉपी होत नाहीत. प्लेस्टेशन प्लसचं क्लाउड किंवा एका कन्सोलवरून दुसऱ्यावर थेट डेटा ट्रान्सफर, हे सोपे रस्ते आहेत. सदस्यत्व नसेल तर जुना पीएस५ देऊन टाकण्याआधी नवा शेजारी लावून ट्रान्सफर करा.