रात्रीचा दमा दिवसाच्या ओपीडीत डॉक्टरला दाखवायचा कसा?

संध्याकाळी ५ ला क्लिनिकमध्ये नंबर लागतो, डॉक्टर छाती तपासतात, क्लिअर आहे म्हणतात, आणि त्याच रात्री ३ ला माणूस परत उशीला टेकून घरघरत बसलेला. दोघंही खरंच सांगत असतात. आपल्या श्वासनळ्या साधारण दुपारी ४ च्या आसपास सगळ्यात मोकळ्या आणि पहाटे ४ च्या आसपास सगळ्यात आवळलेल्या असतात. हे निरोगी माणसातही होतं पण त्याला कळत नाही, दम्यात हाच फरक मोठा होतो. मध्यरात्रीच्या सुमारास शरीरातलं कॉर्टिसॉल (सूज दाबून ठेवणारं हार्मोन) एकदम खाली गेलेलं असतं, नळ्या मोकळ्या ठेवणारं अॅड्रिनलिनही कमी, उलट नळ्या आवळणारी व्हेगस नर्व्ह जोरात, त्यामुळे सूज आणि खोकला दोन्ही रात्रीच डोकं वर काढतात.

म्हणून रात्र कागदावर न्यायची. केमिस्टकडे पीक फ्लो मीटर मिळतं, म्हणजे फुंकरीचा जोर मोजायची छोटी नळी, ते घ्या. उभं राहून पूर्ण श्वास भरायचा, ओठ घट्ट लावून एका झटक्यात जोरात फुंकायचं, असं ३ वेळा, आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. सकाळी उठल्याउठल्या पंप (इनहेलर) घ्यायच्या आधी एकदा, संध्याकाळी एकदा, २ आठवडे रोज. समजा सकाळी ३२० आणि संध्याकाळी ४०० आलं, तर फरक ८०, सरासरी ३६०, म्हणजे २२ टक्के. मोठ्या माणसांत रोजच्या या टक्क्यांची सरासरी १० च्या वर राहत असेल तर डॉक्टर दम्याचा किंवा दमा कंट्रोलमध्ये नसल्याचा संशय घेतात. शेजारी रात्री किती वाजता जाग आली आणि पंप किती वेळा लागला तेही लिहा, माझ्या मते आकड्यांइतकंच ते महत्त्वाचं आहे, कारण दम्याने महिन्यात एकदा जरी झोपमोड झाली तरी ती डॉक्टरला कळायलाच हवी.

नाइट शिफ्टवाल्यांनी उठल्यावर आणि झोपायच्या आधी फुंकायचं आणि घड्याळातली वेळ टाकायची. शिफ्ट बदलली म्हणून शरीराचं घड्याळ लगेच उलटत नाही.

सीओपीडीवाल्यांना (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसांचा आजार) बहुतेक वेळा सकाळच सगळ्यात जड जाते, आंघोळ, कपडे घालणं, सगळ्यात धाप. लोकलची घाई असली तरी जरा लवकर उठा, डॉक्टरांनी दिलेला सकाळचा पंप आधी घ्या, थोडं थांबा, मगच आंघोळीला जा. आणि थंडीत मुंबईची पहाटेची हवा साचलेली असते, तेव्हा शिवाजी पार्कला पहाटे ५ ला चालायला जायचा हट्ट नको, दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटला की जा ना. झोपायच्या खोलीत धूप, मच्छर अगरबत्ती अजिबात नको, पावसाळ्यात भिंतीला बुरशी आली असेल तर पलंग तिथून हलवा.

औषधांच्या वेळा मनाने बदलू नका, पण विचारा नक्की. दम्यात मॉन्टेलुकास्टची गोळी सहसा रात्री देतात, प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी सकाळी खाऊन झाल्यावर, यामागे हेच घड्याळ आहे. आणि दिवसा बरं वाटतंय म्हणून रोजचा स्टिरॉइडचा पंप सोडायचा हे तर अजिबात करू नका प्लीज, तो घेतल्यावर चूळ भरा म्हणजे झालं.

पंप घेऊनही उतरत नसेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील तर सकाळ व्हायची वाट बघू नका, त्याच क्षणी १०८ लावा.