स्ट्रीमच्या चॅटमध्ये कॉपीपास्ता कसा टाकायचा (टाइमआउट, म्हणजे चॅटमध्ये काही वेळ लिहायची बंदी, न खाता)

कॉपीपास्ता म्हणजे स्ट्रीमच्या (लाइव्ह गेम खेळून दाखवण्याच्या) चॅटमध्ये एकजण टाकतो तो लांबलचक खुळा मेसेज, जो पुढच्या काही सेकंदांत निम्मी जनता जसाच्या तसा टाकत सुटते. काम सोपं, कॉपी करा, चिकटवा, झालं. पण काहींचा मेसेज सगळे उचलतात आणि काहींचा गुपचूप वर सरकून जातो.

पहिलं म्हणजे निमित्त पाहिजे. बॉसची (गेममधल्या मोठ्या शत्रूची) टिचभर हेल्थ उरलेली असताना स्ट्रीमर गेममध्ये मेला, बस, तोच क्षण. त्यात स्ट्रीम आपल्यापर्यंत काही सेकंद उशिरा पोचतो, म्हणजे तुम्ही टाइप करत बसलात तर तोवर गडी पुढच्या ट्रायला लागलेला असतो, म्हणून मजकूर आधीच नोटपॅडमध्ये तयार ठेवायचा.

लिहिताना सूर एकदम गंभीर. हसवायची धडपड दिसली की मजा गेली. हा बघा:

"दादा, तुमचा स्ट्रीम बघायला लागलो तेव्हा मी एकटा होतो. मग लग्न झालं, पोरगं झालं, पोरगं चालायला लागलं, आणि तुम्ही अजून याच बॉसपाशी. पोरगं विचारतं, बाबा, हे काका कधी जिंकणार? मी काय सांगू? एकदा तरी डॉज दाबा, घरचे वाट बघतायत."

यात शिवी नाही, दिसण्यावरून टोमणा नाही, त्यामुळे स्ट्रीमर स्वतःच मोठ्याने वाचून दाखवतो, आणि त्याने वाचलं की पसरलंच समजा. शिवाय बॉसच्या जागी लेव्हल, डॉजच्या (वार चुकवायच्या बटणाच्या) जागी रिलोड, असं कोणालाही बदलता येतं. हे बदलणं कामाचं आहे कारण ट्विचवर (गेम स्ट्रीमची साइट) तोच मेसेज तुम्ही ३० सेकंदांच्या आत परत टाकला तर जातच नाही, एखादा शब्द तरी फिरवावा लागतो.

लांबी बघा. ट्विचला एका मेसेजला ५०० अक्षरं चालतात, यूट्यूब लाइव्हला फक्त २००, आणि आपल्या काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात त्यामुळे देवनागरी भसाभस संपते. वरचा पास्ता ट्विचवर आरामात बसतो, यूट्यूबसाठी थोडा छाटावा लागेल.

शेवटी काप्पा इमोट (ट्विचच्या चॅटमधलं छोटं चित्र) लावला की टोमणा आहे हे कळतं (तो काळापांढरा चेहरा ट्विच ज्यातून निघालं त्या जस्टिन डॉट टीव्हीच्या काळातल्या खऱ्या कर्मचाऱ्याचा आहे बरं का). सेव्हनटीव्ही किंवा बेटरटीटीव्हीचे इमोट मात्र ज्याच्या ब्राउझरमध्ये त्यांचं एक्स्टेंशन नाही त्याला नुसते शब्द म्हणून दिसतात. ब्रेलच्या ठिपक्यांची चित्रं मला स्वतःला फार आवडत नाहीत, चॅटची रुंदी बदलली की ओळी तुटतात आणि मोबाइलवाल्याला नुसता कचरा दिसतो. टाकायचीच असतील तर रिकाम्या जागी साधी स्पेस नको, ब्रेलचंच कोरं अक्षर वापरा, नाहीतर सगळ्या स्पेस गोळा होऊन चित्र चपटं होतं.

कुठे टाकू नये? पाच-सहा प्रेक्षकांच्या स्ट्रीमवर, तिथे तो माणूस प्रत्येक मेसेज वाचून उत्तर देत असतो आणि तुम्ही त्याचं बोलणंच बुडवता. कोणी दुःखाचं काही सांगत असेल तेव्हा तर नाहीच नाही. स्लो मोड (दोन मेसेजमध्ये ठरावीक वेळ थांबायला लावणारी सेटिंग) लावला असेल तर समजून घ्या की मॉड, म्हणजे चॅट सांभाळणारे, आधीच वैतागलेत. नाइटबॉटसारखे बॉट (चॅटवर आपोआप नजर ठेवणारे प्रोग्राम) कॅपिटल अक्षरं, चिन्हांची गर्दी, लिंक असलं काही दिसलं की मेसेज उडवतात, त्यामुळे नवीन चॅनलवर आधी थोडा वेळ नुसतं बघा काय चालतंय.

टाइमआउट बसलाच तर तो बहुतेक दहा मिनिटांचा असतो. मॉडला मेसेज करून भांडत बसू नका, आणि परत आल्यावर पहिला मेसेज तोच पास्ता तर मुळीच टाकू नका.