प्रीफॅब घराचं कोटेशन वाचताना: आधी जोत्याचा हिशोब

गावाकडच्या जागेवर पोलादी सांगाड्याचं तयार घर उभं करायचं असेल, तर कोटेशनातल्या चौरस फुटाच्या दरावरून काही ठरवू नका. हा दर बहुतेक वेळा जोत्याच्या वरचा असतो. जोतं, भराव, सेप्टिक टँक, शोषखड्डा, पाणी, वीज, वाहतूक, हायड्रा (माल उचलणारी क्रेन), कामगारांची राहण्याची सोय आणि जीएसटी या प्रत्येकासमोर ‘धरलं’ की ‘धरलं नाही’ हे लिहून घ्या. पडवी आणि छपराची पुढे आलेली बाजू क्षेत्रफळात मोजली आहे का, तेही विचारा. मग गावातल्या गवंड्याकडून विटांच्या किंवा चिऱ्याच्या घराचा अंदाज त्याच यादीप्रमाणे काढा. असं केलं की तुलना खरी होते, आणि कित्येकदा पैशांतला फरक उरतच नाही. वाचतो तो वेळ.

‘नटबोल्टवर उभं आहे, परवानगी लागत नाही’ हे विक्रेत्याचं बोलणं सोडून द्या. सातबारा घेऊन आधी ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालयात चौकशी करा. कर्ज काढायचं असेल तर या बांधकाम पद्धतीला बँक कर्ज देते का, हे ॲडव्हान्स देण्याआधी लेखी घ्या.

आता जोतं, कारण घर बिघडतं ते इथेच. २४ × ३२ फुटांचं, म्हणजे ७६८ चौरस फुटांचं घर धरू. जोतं जमिनीपासून दोन फूट उचललं तर भराव सुमारे १५ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). धुम्मस केल्यावर मुरूम बसतो, म्हणून १८ ते २० ब्रास मागवा आणि सहा-सहा इंचांचे थर पाणी मारून ठोका. वरचा पाच इंची काँक्रीटचा थर सुमारे नऊ घनमीटर; १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) प्रमाणाने सिमेंटच्या ७२ ते ७५ गोण्या. काळी माती असेल तर ती काढून मुरमापर्यंत जाऊनच पाया घ्या. ती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि पॅनेलचे सांधे उघडतात.

साचा लावल्यावर दोन्ही कर्ण मोजा. या मापाला ते बरोबर ४० फूट यायला हवेत. चारही कोपऱ्यांची पातळी पाण्याच्या नळीने तपासा. सांगाडा कारखान्यात मिलिमीटरवर कापलेला असतो. गवंडी ‘अर्धा इंच प्लास्टरमध्ये मारू’ म्हणतो, पण इथे प्लास्टरच नाही. तो अर्धा इंच दाराच्या चौकटीत निघतो आणि दार घासायला लागतं.

माल येण्याआधी रस्ता पाहा. गाडी घाटाच्या वळणावर आणि गावातल्या तारांखालून जाईल का? नाहीतर माल छोट्या टेम्पोत उतरवून न्यावा लागतो. दिवाळीनंतर पाया घेऊन मेअखेर छप्पर पूर्ण होईल असं बघा.

भिंती बंद होण्याआधी एक दिवस राखून ठेवा. गीझर, सिंकवरची कपाटं, पंखे, पडद्याचे रॉड यांच्या जागा खडूने आखा आणि तिथे सांगाड्याला आडवी पट्टी किंवा प्लायवूड लावून घ्या. नुसत्या जिप्सम किंवा सिमेंट बोर्डात मारलेला स्क्रू भरलेल्या गीझरचं वजन पेलत नाही. वायरींचे पाइप तेव्हाच टाका, सांगाड्याला अर्थिंग द्या, भिंतीत रॉकवूल (उष्णता आणि आवाज अडवणारं अस्तर) भरलंय ते डोळ्यांनी बघा.

कोकणात वाऱ्याचा हिशोब इंजिनिअरच्या सहीने मागा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीत घरोघरचे पत्रे उडाले. छपराचा प्रत्येक स्क्रू रबरी वायसरसह हवा. वायसर तिरका बसला किंवा जास्त आवळून फाटला की गळती तिथूनच सुरू होते. समुद्राजवळ पोलादावरचा जस्ताचा थर दर चौरस मीटरला किती ग्रॅमचा, हेही कोटेशनात हवं. २७५ ग्रॅमपेक्षा कमी घेऊ नका. कापलेल्या कडांना जस्ताचा रंग लावून घ्या.

पैसे टप्प्यांनी द्या: ऑर्डरला, माल जागेवर आल्यावर, छप्पर झाल्यावर. शेवटचे दहा टक्के मात्र पहिला पावसाळा जाईपर्यंत अडकवून ठेवण्याची अट करारातच घाला. कोपरे, खिडक्यांचे खालचे सांधे आणि बाथरूमची भिंत सप्टेंबरात कोरडी असेल, तर ते देऊन टाका.