उघड्या विटांच्या भिंतीला खार सुटलाय? धुण्याआधी हे करा

गिरगावातल्या आमच्या जुन्या घरात बाहेरच्या खोलीचा गिलावा काढला तेव्हा आत चुन्यात बांधलेलं लाल वीटकाम निघालं. इतकं देखणं, की पुन्हा झाकावंसं वाटलं नाही. पहिल्याच श्रावणात खिडकीखालच्या विटांवर पांढरी भुकटी धरली. मी ओल्या फडक्याने पुसली, भिंत स्वच्छ दिसली. चार दिवसांनी भुकटी परत आली, तीही आधीपेक्षा जास्त. मग धुतली. मग अजून आली.

ही भुकटी म्हणजे लोणा, भिंतीला सुटलेला खार. तो बाहेरून चिकटलेला मळ नसतो. विटेत आणि विटा जोडणाऱ्या मसाल्यात मुरलेले क्षार पाण्यात विरघळतात, पाण्याबरोबर पृष्ठभागापर्यंत येतात, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. ओल्या फडक्याने पुसलं की तेच क्षार पुन्हा विरघळून विटेत शिरतात. वीट पाणी पिते किती, तर आयएस १०७७ या मानकानुसार साध्या भाजलेल्या विटेने २४ तास पाण्यात राहून स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी घेतलेलं चालतं. ३ किलोच्या विटेत ६०० ग्रॅम पाणी! म्हणून साफसफाईच्या आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं.

ओल कुठली, ते ओळखा

भिंत कोरड्या ब्रशने झाडून हातभर प्लास्टिकचा तुकडा रुंद चिकटपट्टीने चारही बाजूंनी घट्ट लावा आणि दोन दिवस तसाच ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या अंगाला दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या अंगाला दिसले तर ती खोलीतल्या दमट हवेची ओल आहे. तिथे खिडक्या उघडणं, पंखा लावणं आणि कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढणं एवढ्याने बरंच काम होतं.

पाणी भिंतीतूनच येत असेल तर बाहेर जाऊन बघा. मुंबईत पावसाळ्यात २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि वारा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिम-दक्षिणेच्या भिंतींवर पावसाचा मारा असतो. वरच्या मजल्याची नहाणी, गॅलरीची फरशी, भिंतीवरच ठिबकणारी एसीची नळी, सांडपाण्याच्या पाइपाच्या सांध्यात उगवलेलं पिंपळाचं रोपटं, हे सगळं तपासा. आमच्याकडे दोष पाइपाच्या सांध्यात होता. तो दुरुस्त झाल्यावरच आतल्या कामाला अर्थ आला. दुरुस्ती सोसायटीच्या भिंतीची असेल तर लेखी कळवा, फोटो जोडा.

साफ करताना

योग्य वेळ दसऱ्यानंतरची. पाऊस ओसरून भिंत महिनाभर सुकू द्यायची, मग हात लावायचा.

खाली जुनी चादर पसरा, एन-९५ मास्क आणि चष्मा लावा. विटेची धूळ छातीत जाणं चांगलं नाही. काथ्याच्या किंवा नायलॉनच्या ब्रशने वरून खाली झाडा. तारेचा ब्रश नको. भाजताना विटेवर जी कडक साल येते ती निघून जाते आणि आतली मऊ वीट उघडी पडते. झाडलेली भुकटी लगेच व्हॅक्यूमने किंवा सुपलीत भरून घराबाहेर टाका. फरशीवर राहिली तर पुढच्या पोछ्याबरोबर तीच भिंतीच्या बुडाशी जाते.

झाडूनही खार उरलाच, तर लेप लावा. पांढऱ्या टिश्यू पेपरचा पाण्यात लगदा करा, हाताने दाबून जास्तीचं पाणी काढा आणि बोटभर जाडीचा थर विटेवर थापा. लगद्यातलं पाणी आत जाऊन क्षार विरघळवतं, आणि लेप सुकताना तेच क्षार त्यात ओढले जातात. दोन-तीन दिवसांत तो कुरकुरीत होऊन कडेने सुटतो. सुटलेल्या लगद्याची मागची बाजू उन्हात धरा, बारीक पांढरे कण चमकताना दिसतील. ते बघून मला जो आनंद झाला होता, तो अजून आठवतो. सुटलेला लेप फेकून द्या, पुन्हा भिजवून वापरू नका. पाणी नळाचंच घ्या. बोअरिंगचं पाणी खारट असेल तर एका हाताने काढलेलं दुसऱ्या हाताने परत घातल्यासारखं होईल.

काजळीचं तंत्र वेगळं. कोनाड्यात समई लावत असाल तर वरच्या विटा काळ्या पडतातच. तिथे आधी पाणी लावलं तर काजळी छिद्रांत उतरते. मऊ खोडरबर एकाच दिशेने फिरवून जमेल तितकी कोरडीच उचला. उरलेल्या डागावर खायचा सोडा पाण्यात कालवून लावा, दहा मिनिटांनी जुन्या टूथब्रशने घासा आणि पिळलेल्या फडक्याने दोन-तीनदा टिपून घ्या.

काळी-हिरवी बुरशी असेल तर केमिस्टकडचं हायड्रोजन पेरॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत पातळ करून लावा. ब्लीचमागे क्षार उरतो, तो टाळा.

ॲसिडबद्दल मात्र स्पष्ट सांगते. "ॲसिडने एका दिवसात लखलखीत करून देतो" असं सांगणारा कुणीतरी भेटेलच, आम्हालाही भेटला होता. ॲसिड चुना खातं, दरजा म्हणजे विटांमधले सांधे पोकळ होतात आणि मागे उरलेले क्लोराइड हवेतली ओल ओढत राहतात. व्हिनेगरही आम्लच आहे, तेही चुन्याच्या दरजांना नको. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो, त्यामुळे ते कधीही मिसळू नका.

दरजा भरणं

किल्लीच्या टोकाने दरज खरवडून बघा. मसाला वाळूसारखा गळत असेल तर ती भरायला हवी. जुनं काम चुन्यातलं असेल तर चुन्यानेच भरा. सिमेंट विटेपेक्षा कडक असतं आणि ओल अडवून धरतं. मग पाणी विटेतूनच बाहेर पडायला बघतं, आणि काही वर्षांत सांधा शाबूत राहून विटेचे पोपडे निघतात.

दरजेच्या रुंदीच्या दुप्पट-अडीचपट खोलीपर्यंत, म्हणजे १० मिलिमीटर रुंद दरज असेल तर २०-२५ मिलिमीटरपर्यंत, जुना मसाला उकरून काढा. ग्राइंडर नको, विटांच्या कडा कापल्या जातात. भिजवून मुरवलेला चुना १ भाग आणि चाळलेली रेती ३ भाग, असा घट्ट मसाला करा. रेती खाडीची अजिबात नको, तिच्यात मीठ असतं. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका, हातमोजे घाला. दरज फवाऱ्याने ओली करून मसाला थराथराने दाबत भरा, वरून विटेच्या किंचित आत ठेवा. आठवडाभर दिवसातून दोनदा हलका फवारा मारा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही.

काही विटा बोटाने दाबल्यावर भुगा होत असतील, किंवा भिंतीला तिरकी भेग असेल, तर हे काम घरच्या घरी करू नका. जुन्या इमारतीत अशी भिंत वरच्या मजल्याचा भार पेलत असते. स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा.

चकाकीचं काय?

भिंतीवर वॉर्निश नको. त्याने ओल आत कोंडते आणि खार थराच्या मागे साठून पापुद्रे उचलतो. बाहेरच्या, पाऊस झेलणाऱ्या भिंतीला सिलेन-सिलॉक्सेनचा, म्हणजे पाणी अडवून वाफ जाऊ देणारा लेप चालतो, पण भिंत पूर्ण सुकल्यावरच. आतल्या भिंतीला काही लागत नाही.

एरवी पंधरा दिवसांनी कोरडा ब्रश फिरवा. दरजांतली कुंभारीण माशीची मातीची घरटी रिकामी झाली की काढा. वाळवीची मातीची रेघ दिसली तर नुसती पुसू नका, पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा.

आणि पेन्सिल हाताशी ठेवा. सप्टेंबरअखेर ओल जिथपर्यंत चढली असेल तिथे बारीक रेघ मारून शेजारी तारीख लिहा. आमच्या खिडकीखाली अशा तीन रेघा आहेत. या वर्षीची रेघ पहिल्या वर्षीपेक्षा चार विटा खाली आहे.