‘तुमचा वीकनेस सांगा’ म्हटल्यावर काय सांगायचं

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत एखाद्या व्हेंडर (सुटे भाग पुरवणाऱ्या) कंपनीत डिप्लोमा ट्रेनीची मुलाखत असो नाहीतर एमपीएससीचं पॅनेल, ‘तुमच्यात कमी काय आहे?’ असं विचारणाऱ्याला तुमच्या दोषांची यादी नको असते. त्याला पुढचं बघायचं असतं. चूक दाखवली तर हा ऐकून घेईल, की तोंड पाडून बसेल? रात्रपाळीत पार्ट बिघडला तर सुपरवायझरला जाऊन सांगेल, की ओके मालात गुपचूप सरकवून मोकळा होईल? हे सरळ विचारलं तर सगळेच ‘सांगेन सर’ म्हणतात. म्हणून आडून विचारतात.

पाठ केलेली उत्तरं इथेच आपटतात. ‘मी परफेक्शनिस्ट आहे’, ‘कामात जेवणाचंही भान राहत नाही’, ‘माणसांवर पटकन विश्वास ठेवतो’, ही उत्तरं एचआरच्या माणसाने सकाळपासून दहा वेळा ऐकलेली असतात. तो वाद घालत नाही, फक्त पुढचा प्रश्न टाकतो: ‘परफेक्शनच्या नादात कोणतं काम वेळेत झालं नाही, ते सांगा.’ उत्तर उसनं असेल तर इथे घशाला कोरड पडते. ‘माझ्यात तसा काही वीकनेस नाही’ हे तर त्याहून वाईट. एक तर हा स्वतःकडे बघत नाही, नाहीतर लपवतोय, असे दोनच अर्थ त्यातून निघतात.

तयारी कोणी करायची, तेही आधी बघून घ्या. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क, गट ड आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या आहेत. सरकारी बँकांची भरती घेणाऱ्या आयबीपीएसच्या क्लार्क भरतीत मुलाखत नाही. पीओला (प्रोबेशनरी ऑफिसर) मात्र १०० गुणांची आहे आणि अंतिम यादीत मुख्य परीक्षा व मुलाखत यांचा भार ८०:२० असा धरतात. राज्यसेवेच्या नव्या पद्धतीत मुलाखतीला २७५ गुण आहेत. खाजगी नोकरीत, म्हणजे वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कंपन्या, जालन्याच्या स्टील मिल आणि बियाणे कंपन्या, लातूर-नांदेडचे खाजगी क्लास, यांत तर सगळी मदार मुलाखतीवरच.

खरी कमतरता शोधायची कशी

‘आळशी’, ‘घाबरट’, ‘तापट’ असे शब्द शोधत बसू नका. शब्दांवरून उत्तर तयार होत नाही, प्रसंगांवरून होतं. एका कागदावर गेल्या दोन वर्षांतले असे पाच-सहा प्रसंग लिहा, जिथे काम तुमच्यामुळे अडलं, पुन्हा करावं लागलं किंवा त्यावरून कोणी बोललं. प्रॅक्टिकलची फाईल सबमिशनच्या आदल्या रात्री लिहिली. गॅदरिंगच्या जमाखर्चात पावत्या जुळेनात. सेमिनारमध्ये पहिल्याच प्रश्नाला अडखळलात. दुकानावर बसताना ओळखीच्या गिऱ्हाइकाला उधारीसाठी नाही म्हणता आलं नाही.

मग तीन जणांना विचारा: प्रोजेक्टमधला जोडीदार, ज्यांच्या हाताखाली काम केलंय असे एखादे सर किंवा मालक, आणि घरातलं एक माणूस. ‘माझ्यात काय कमी आहे?’ असं विचारलं तर ‘काही नाही रे’ म्हणून ते सोडून देतील. ‘माझ्यासोबत काम करताना तुला कशाचा वैताग येतो?’ असं विचारा. दोन जणांच्या तोंडून एकच गोष्ट आली तर ती तुमची खरी कमतरता. आई ज्यावरून रोज बोलते तीच बहुतेक वेळा असते, पण मुलाखतीत ती आईच्या नव्हे, कामाच्या भाषेत सांगायची.

कोणती सांगायची, कोणती नाही

खरी आहे म्हणून कुठलीही सांगून चालत नाही. जे काम मागायला आलात, त्याचा कणाच जी मोडते ती तिथे सांगायची नाही. क्वालिटी इन्स्पेक्टरला ‘माझं लक्ष उडतं’ म्हणता येत नाही. अकाउंट्समध्ये ‘आकड्यांत गडबड होते’, शाळेत ‘पोरांवर लगेच चिडतो’, सेल्समध्ये ‘अनोळखी माणसाशी बोलायला जमत नाही’ हे म्हणजे मुलाखत तिथेच संपली. पण तीच गोष्ट दुसऱ्या खुर्चीवर चालून जाते. अनोळखी माणसाशी बोलताना संकोच वाटतो, हे डिझाईन किंवा टूलरूमच्या मुलाखतीत कोणी मनावर घेत नाही. अशी कमतरता खरोखर कामाच्या मुळाशीच असेल, तर उत्तर बदलण्यापेक्षा ते काम आपल्याला झेपणार का, याचा विचार मुलाखतीला जाण्याआधीच केलेला बरा.

काही गोष्टी कमतरता म्हणून सांगायच्याच नसतात. घरचं कर्ज, तब्येत, लग्नाची बोलणी हा त्यांचा विषय नाही. शेतीचंही जपून. ‘पेरणी-काढणीला गावी जावं लागतं’ हे वाक्य मनमोकळेपणाने तोंडातून निघून जातं, आणि एचआरच्या कानाला ते फक्त एवढंच ऐकू येतं: जून-जुलैत गैरहजर, ऑक्टोबरात पुन्हा गैरहजर. आणि एटीकेटी किंवा स्पर्धा परीक्षेत गेलेली दोन वर्षं हा वीकनेस नव्हे. ती घडलेली गोष्ट आहे, स्वतंत्रपणे विचारली जाते आणि तिचं उत्तर दोन वाक्यांत, तारखांसह द्यायचं असतं. दोन्हींची सरमिसळ केली की उत्तर रडगाण्याकडे झुकतं.

उत्तराची बांधणी

एक मिनिटाच्या आत, साधारण ७० ते १०० शब्द. आधी कमतरता एका वाक्यात, आडवळण न घेता. मग एकच प्रसंग आणि त्यात झालेलं नुकसान. मग त्यावर काय सोय केली. शेवटी अजून किती शिल्लक आहे. हा शेवटचा भाग बहुतेक जण गाळतात, आणि खरेपणा तर त्यातच असतो. ‘आता तो वीकनेस पूर्ण गेला’ म्हटलं, की समोरचा मनात म्हणतो, मग सांगितलास कशाला?

मेकॅनिकल डिप्लोमा झालेला, मशिन शॉपमध्ये ट्रेनी म्हणून आलेला उमेदवार असं सांगू शकतो (टॉलरन्स म्हणजे मापात चालणारा फरक):

‘सर, काम अडलं की मी लवकर कुणाला विचारत नाही, एकटाच झटत बसतो. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये २० मिलिमीटरचा शाफ्ट टर्न करायचा होता. ड्रॉइंगवरचा टॉलरन्स मला नीट कळला नव्हता, पण वर्कशॉपच्या सरांना विचारायला कसंतरीच वाटलं. शाफ्ट ५० मायक्रॉनने बारीक झाला, बेअरिंग सैल बसलं, दुसरा शाफ्ट करावा लागला. दोन दिवस गेले. तेव्हापासून ड्रॉइंग हातात आलं की न कळलेल्या जागी पेन्सिलने गोल करतो आणि मशिन चालू करायच्या आधी विचारून घेतो. अनोळखी माणसाला विचारताना अजूनही जरा संकोच होतो, पण विचारल्याशिवाय टूल लावत नाही.’

यात काय काम करतंय बघा. ‘५० मायक्रॉन’ (मिलिमीटरचा विसावा भाग) आणि ‘बेअरिंग सैल बसलं’ हे ऐकल्यावर शॉपवरच्या माणसाला पटतं, की हे नेटवरून उचललेलं नाही. दोष दुसऱ्यावर ढकललेला नाही. सरांनी नीट शिकवलं नाही, लेथच जुना होता, असं एकदा जरी म्हटलं असतं तरी उत्तराची चव गेली असती. आणि उपाय हातानं करायचा आहे: पेन्सिल, गोल, मशिनच्या आधी. ‘मी सुधारण्याचा प्रयत्न करतोय’ या वाक्याला हातपाय नसतात. रोज काय करता ते त्यातून दिसत नाही, म्हणून ते ऐकणाऱ्याच्या लक्षातही राहत नाही.

तुमचा प्रसंग याहून साधा असेल तर असू द्या. नुकसान फार मोठंही नको. दोन दिवस, एक शाफ्ट, पाचशे रुपयांची तूट, एवढं पुरे.

पुढच्या प्रश्नाची तयारी

पहिलं उत्तर बरं झालं की लगेच खोदकाम सुरू होतं. वरच्या उत्तरावर येणारा सगळ्यात नेमका प्रश्न असा: ‘लाइन चालू आहे, डायमेन्शन बाहेर जातंय आणि सुपरवायझर दुसऱ्या सेलमध्ये गेलाय. तेव्हा?’ इथे ‘वाट बघेन’ म्हणाल तर हातावर हात ठेवून बसणारा ठरता आणि ‘मीच ॲडजस्ट करेन’ म्हणाल तर जुनाच दोष पुन्हा बाहेर. चालणारं उत्तर कामाच्या क्रमाने येतं: ‘मशिन थांबवतो, तो पार्ट वेगळा काढून टॅग लावतो, त्याच्या आधीचे पाच पार्ट पुन्हा चेक करतो आणि लाइन लीडर किंवा क्वालिटीच्या माणसाला बोलावतो. ऑफसेट मनाने बदलत नाही.’ (ऑफसेट म्हणजे मशिनमधली टूलची सेटिंग.) आधीचे पाच पार्ट चेक करणं, ही गोष्ट सांगणारा ट्रेनी लक्षात राहतो.

दुसरा प्रश्न नेहमीचा: ‘आणखी एक सांगा.’ म्हणून दुसरी, लहानशी कमतरता खिशात ठेवा; तिचा प्रसंग दोन वाक्यांचा असला तरी चालतो. पण विचारल्याशिवाय काढू नका. एक विचारली आणि तीन सांगितल्या, हे घाबरल्याचं लक्षण. तिसरा प्रश्न खरं तर सापळा आहे: ‘तुमच्या मित्राला फोन लावला तर तो काय सांगेल?’ कमतरता खरी असेल तर उत्तर तेच राहतं, फक्त शब्द मित्राचे होतात: ‘तो म्हणेल, हा विचारत नाही, बसून राहतो.’ इथे नवीनच काही निघालं, तर पहिलं उत्तर बनावट होतं हे उघड होतं.

कधीकधी समोरचा मुद्दाम टोचतो: ‘मग आम्ही तुम्हाला का घ्यावं?’ यावर कमतरतेची वकिली करायची नाही आणि स्वतःची आरतीही ओवाळायची नाही. काय येतं ते एका वाक्यात सांगायचं, म्हणजे व्हर्निअर, मायक्रोमीटर हाताळता येतो, ड्रॉइंग वाचता येतं, पाळीत काम करायची तयारी आहे, आणि थांबायचं. शांतता पडली तर पडू द्या.

इंग्रजीचं काय

आपल्याकडे निम्मे उमेदवार इंग्रजीचंच नाव घेतात. ते खरं असतं, पण नुसतं ‘माझं इंग्लिश वीक आहे’ हे उत्तर नाही, हा शेरा आहे. त्याचे तुकडे करा. वाचायला येतं का? मेल लिहिता येतो का? बोलताना अडतं का? ‘मशिनचं मॅन्युअल आणि मेल समजतो. बोलताना काळ चुकतात, म्हणून थांबत बोलतो. तीन महिन्यांपासून रोजच्या कामाचा पाच ओळींचा रिपोर्ट इंग्रजीत लिहितोय, वही सोबत आहे.’ वही खरोखर सोबत असली पाहिजे, मागून घेतात. मुलाखत इंग्रजीतच चालली असेल तर हा विषय काढूच नका. जे समोर दिसतंय ते परत सांगायची गरज नाही. बोलताना ‘शिकायलोय’, ‘करायलोय’ तोंडात आलं तर जीभही चावू नका. बोली हा वीकनेस नाही. आवाज खाली जाणं, वाक्य अर्धं सोडणं, टेबलाकडे बघून बोलणं, यानं जास्त नुकसान होतं.

भीड: सरकारी मुलाखतीतला अवघड वीकनेस

‘मला नाही म्हणता येत नाही’ हे उत्तर कंपनीत खपतं. तिथे ‘दुसऱ्याचं काम अंगावर घेतलं, स्वतःचं राहिलं, आता आधी यादी दाखवून विचारतो’ एवढ्यावर भागतं. एमपीएससीच्या पॅनेलसमोर मात्र तेच उत्तर निखाऱ्यावर पाय. तुम्ही भीड हा शब्द उच्चारलात की पुढचा प्रश्न गोदाकाठच्या वाळूचाच येणार: ‘तुम्ही तहसीलदार आहात, रात्री चोरट्या वाळूचा हायवा टिपर पकडलाय आणि सख्ख्या मामांचा फोन आला. काय करता?’ ‘मामांना समजावतो’ हे अर्धं उत्तर. कागद आधी आला पाहिजे: पंचनामा होतो, वाहन ताब्यात घेऊन जमा होतं, दंडाची कारवाई सुरू होते, आणि त्यानंतर मामांना फोन. हा क्रम छातीठोक सांगता येत असेल तरच भीड निवडा. नाहीतर एकाच वेळी बरीच कामं हाती घेणं किंवा काम वाटून न देणं, यासारखी दुसरी घ्या. बँकेच्या पीओ मुलाखतीतही असंच. गावचा ओळखीचा माणूस कागद अपुरे असताना कर्ज मागायला येतो, हा प्रश्न तयारच असतो.

सराव

उत्तर अख्खं लिहून पाठ करू नका. मध्येच कोणी टोकलं की पाठांतराची गाडी रुळावरून उतरते. चिठ्ठीवर चार शब्द पुरेत: ‘विचारत नाही – शाफ्ट – पेन्सिल – संकोच’. मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि तीन गोष्टी ऐका. कमतरता पहिल्या दहा सेकंदांत आली का, ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ किती वेळा आलं, आणि शेवटचं वाक्य पूर्ण झालं का. चार-पाच वेळा झालं की थांबा. वीस वेळा केलं तर ते पुन्हा पाठ झाल्यासारखं वाजतं. मग मित्राला समोर बसवा आणि त्याला मधेच तोडायला सांगा.

एक लहान गोष्ट हमखास राहून जाते. अनेक कंपन्यांत गेटवर किंवा रिसेप्शनला चार पानी फॉर्म देतात आणि त्यात ‘स्ट्रेंथ’ व ‘वीकनेस’ असे दोन रकाने असतात. तो घाईघाईत शेजारच्याचं बघून भरला जातो, आणि तासाभराने आत तोच फॉर्म समोर धरून विचारतात. रकान्यात तुमच्या चिठ्ठीवरचाच मुद्दा चार-पाच शब्दांत लिहा आणि फॉर्म परत देण्याआधी, मोबाईल आत न्यायला बंदी नसेल तर, त्या पानाचा फोटो काढून ठेवा. बंदी असेल तर हातातल्या फाईलच्या मागे ते शब्द जसेच्या तसे उतरवून घ्या.